मॅकग्रेगर : एका निषिद्ध आडनावाचा प्रवास

३ एप्रिल १६०३ रोजी एडिंबरा येथे स्कॉटलंडच्या प्रिव्ही कौन्सिलने एक फर्मान काढले. 'मॅकग्रेगर' हे नाव यापुढे कोणीही धारण करू नये, ज्यांनी ते धारण केले असेल त्यांनी त्याचा त्याग करून दुसरे नाव घ्यावे, अन्यथा देहान्त शासन होईल, असा त्याचा आशय. दोनच दिवसांनी राजा सहावा जेम्स एडिंबरा सोडून लंडनच्या वाटेला लागला. एलिझाबेथ राणी मार्चमध्ये वारली होती आणि इंग्लंडचे सिंहासन त्याची वाट पाहत होते. नव्या राज्यावर जाऊन बसण्यापूर्वी जुन्या राज्यातील एक किरकोळ काम हातावेगळे करून टाकावे, अशी ही घाई दिसते. पण त्या किरकोळ कामाचा निकाल लागायला पुढे १७१ वर्षे जावी लागली.

राजसत्तेने एखाद्या कुळाच्या जमिनी जप्त करणे, किल्ले पाडणे, पुरुषांना फासावर देणे या गोष्टी युरोपच्या किंवा आपल्या इतिहासात अपूर्व नाहीत. आडनावालाच आरोपी ठरवून त्यालाच मृत्युदंड द्यावा, हे मात्र विरळा. त्यामुळे मॅकग्रेगरांचा इतिहास हा एका घराण्याचा इतिहास राहत नाही. नाव म्हणजे नेमके काय असते, ते कोणाच्या मालकीचे असते आणि ते काढून घेतल्यावर माणसापाशी काय उरते, या प्रश्नांचा तो इतिहास होतो. आम्हाला त्याचे आकर्षण वाटले ते या कारणाने. आणखीही एक कारण आहे. या नावाच्या प्रवासातील एक मुक्काम आपल्या तापीकाठी पडला आहे. त्याकडे यथावकाश येऊ.

प्रथम नावाची फोड. गेलिक भाषेत 'मॅक' म्हणजे पुत्र. 'ग्रेगर' हे 'ग्रेगोरियस' या लॅटिन नावाचे गेलिक रूप असून त्याच्या मुळाशी 'जागरूक' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. म्हणजे मॅकग्रेगर हा ग्रेगरचा पुत्र. मुलीला 'मॅक' लागत नाही, तिला 'निक' लागते. लग्नानंतरही गेलिक स्त्री बापाच्याच कुळाने ओळखली जाई. हा ग्रेगर कोण? कुळाची परंपरा त्याला नवव्या शतकातील आल्पिन राजाचा पुत्र मानते आणि 'आमचा वंश राजवंश आहे' असे ब्रीद मिरवते. इतिहासाला इतके मागे जाता येत नाही. चौदाव्या शतकातील 'सोनेरी लगामांचा ग्रेगर' आणि १३९० साली वारलेला त्याचा एकाक्ष पुत्र इयन कॅम यांच्यापर्यंत पाऊलखुणा बऱ्या लागतात, त्यापलीकडे दंतकथांचे धुके. राजवंशाचे मूळ सांगण्याची हौस काही स्कॉटलंडापुरती नाही. सूर्यवंश-चंद्रवंशाच्या कुळकथा ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला त्यात नवल वाटू नये.

मॅकग्रेगरांची मूळ भूमी पश्चिम स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील ग्लेनॉर्की, ग्लेनस्ट्रे आणि भोवतालची खोरी. ही भूमी तलवारीने गेली नाही, कागदाने गेली, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. ग्लेनॉर्कीची वारसदार कन्या कॅम्बेल घराण्यात दिली गेली आणि तिच्यामागून हक्क गेला. त्या काळच्या स्कॉटलंडात जमीन कसणे आणि जमिनीची राजसनद बाळगणे या दोन वेगळ्या गोष्टी होऊ लागल्या होत्या. मॅकग्रेगर पहिलीवर विसंबले, कॅम्बेलांनी दुसरी साधली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या खोऱ्यात नांदलो तिथेच आपण कॅम्बेलांची कुळे आहोत, हे मॅकग्रेगरांना हळूहळू कळत गेले. मराठीत 'कूळ' या शब्दाचे वंश आणि जमीन कसणारा खंडकरी असे दोन अर्थ आहेत; मॅकग्रेगरांची शोकांतिका या दोन अर्थांच्या मधोमध घडली, असे म्हणता येईल.

हे लोक केवळ गुरे पळवणारे दरोडेखोर होते, असे नंतरच्या सरकारी कागदांवरून वाटते. म्हणून एक गोष्ट नोंदवून ठेवू. गेलिक कवितेचा आज उपलब्ध असलेला सर्वांत महत्त्वाचा जुना संग्रह 'बुक ऑफ द डीन ऑफ लिस्मोर' हा सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पर्थशायरमधील फोर्टिंगल येथे संकलित झाला. त्याचा प्रमुख संकलक जेम्स मॅकग्रेगर, लिस्मोरचा धर्माधिकारी. त्याच्या वहीत देवाची स्तोत्रे आहेत, फिन आणि त्याच्या वीरांची आख्याने आहेत आणि चारचौघांत म्हणता येणार नाहीत अशी पद्येही आहेत. संपूर्ण गेलिक जगाची कविता ज्या हातांनी जपली त्या हातांचे आडनाव शंभर वर्षांच्या आत उच्चारणेही गुन्हा ठरले.

याच शतकातील आणखी एक काव्य आम्हाला फार मोलाचे वाटते. ग्लेनस्ट्रेचा तरुण प्रमुख ग्रेगर रॉय याने मेरियन कॅम्बेल या मुलीशी लग्न केले. ती ग्लेनलायनच्या कॅम्बेलांची कन्या, म्हणजे वैऱ्याच्या घरातली. ग्लेनॉर्कीच्या कॉलिन कॅम्बेलशी ग्रेगरचे वैर चिघळत गेले आणि ७ एप्रिल १५७० रोजी टे सरोवराकाठी कॉलिनने त्याचा शिरच्छेद केला. त्यावर मेरियनने रचलेला विलाप 'ग्रिगल क्री' म्हणून प्रसिद्ध आहे. 'लाडका ग्रेगर' एवढाच त्याचा अर्थ. तान्ह्या बाळाला जोजवताना आई त्याच्या बापाच्या मारेकऱ्यांना, म्हणजे आपल्याच रक्ताच्या माणसांना, शाप देते आहे. विलाप आणि अंगाईगीत हे दोन रचनाप्रकार इथे एकमेकांत विरघळले आहेत आणि गेलिक प्रदेशात हे गीत आजही गायिले जाते. तिचे स्वतःचे आडनाव तिने सोडलेले नाही. त्या रिवाजात ते सुटतही नाही. जात्यावरच्या ओवीत सासर-माहेरचा ताण ऐकलेल्या कानांना हे गीत परके वाटणार नाही.

आता फर्मानाकडे. १५८९ मध्ये जॉन ड्रमंड नावाच्या राजाच्या वनाधिकाऱ्याची हत्या झाली. त्याचे मस्तक बाल्व्हिडरच्या चर्चमध्ये आणून ठेवण्यात आले आणि जमलेल्या मॅकग्रेगरांनी त्यावर हात ठेवून कृत्याची जबाबदारी एकत्र स्वीकारली, असा वृत्तांत आहे. कुळनिष्ठेचा हा अघोरी आविष्कार राजाच्या दृष्टीने उघड बंड होता. 'अग्नी आणि खड्ग' या नावाने ओळखले जाणारे अधिकारपत्र निघाले. मॅकग्रेगर दिसेल तिथे मारावा, घर दिसेल तिथे जाळावे, अशी मुभा देणारे. पुढे ७ फेब्रुवारी १६०३ रोजी ग्लेन फ्रून येथे मॅकग्रेगरांनी कहून कुळाचा मोठा पराभव केला. शंभराहून अधिक माणसे पडली. या झटापटीमागे आर्गाइलचा अर्ल आर्चिबाल्ड कॅम्बेल याची फूस होती, असे खुद्द ग्लेनस्ट्रेच्या अॅलस्टरने मरण्यापूर्वी दिलेल्या जबानीत सांगितले. फर्मानाच्या अंमलबजावणीचे काम मात्र त्याच आर्गाइलकडे सोपवण्यात आले.

अॅलस्टर मॅकग्रेगरच्या शेवटाची हकीकत स्कॉटलंडात वचनभंगाचा, किंबहुना वचनपालनाचा, नमुना म्हणून सांगतात. त्याला सुखरूप स्कॉटलंडबाहेर पोचवण्याचे वचन देऊन आर्गाइलने त्याला शरण यायला लावले. मग पहाऱ्यात इंग्लंडच्या सीमेपलीकडे बेरिकपर्यंत नेले. वचन अक्षरशः पुरे झाले. तिथूनच त्याला मागे फिरवून एडिंबऱ्यात आणले आणि २० जानेवारी १६०४ रोजी फाशी दिले. त्याच्यासोबत त्याचे आप्तही लटकले. तो प्रमुख म्हणून त्याचा फास इतरांहून त्याच्या स्वतःच्या उंचीइतका वर बांधला होता. मृत्यूतही मानाची पायरी सांभाळणारी ही नोकरशाही काय म्हणावी!

नाव सोडायचे म्हणजे घ्यायचे कोणते? ग्रँट, मरे, ड्रमंड, स्टुअर्ट, ग्रॅहम ही नावे या काळात मॅकग्रेगरांनी घेतलेली दिसतात. कोणी 'ब्लॅक' झाला, कोणी 'व्हाइट'. कोणी मुक्कामाच्या ठिकाणावरून 'कॉमरी' झाला. कोणी मूळ नावाच्या जवळपास घोटाळत 'ग्रेगरी' किंवा 'ग्रेग' झाला. आणि पुष्कळ जण चक्क 'कॅम्बेल' झाले. ज्यांनी भूमी घेतली त्यांचेच नाव घ्यायचे, यात वरकरणी लाचारी दिसेल, पण त्यामागे व्यवहार होता. ज्या जमीनदाराच्या आश्रयाने राहायचे त्याचे नाव लावले की तो जामीन राहतो. ड्रमंडांचे नावही त्यांनी घेतले. वनाधिकारी ड्रमंडाचे मस्तक तेव्हा फार जुने झाले नव्हते.

पुढची फर्माने अधिक बारकाईने लिहिलेली आहेत. पूर्वी मॅकग्रेगर असलेल्यांनी चारांहून अधिक संख्येने एकत्र जमू नये. जवळ शस्त्र बाळगू नये. मांस कापण्यापुरती सुरी चालेल, तीही टोक मोडलेली. १६३३ च्या कायद्याने धर्मगुरूंना मुलाचे नाव 'ग्रेगर' ठेवण्यास मनाई केली आणि लेखनिकांना या नावाने कोणताही करार लिहिण्यास. ही शेवटची कलमे आम्हाला सर्वांत बोलकी वाटतात. सोळाव्या-सतराव्या शतकातील डोंगरी गेलिक माणसाचे बोलण्यातले नाव आडनावाने बनतच नसे. अमक्याचा मुलगा तमका, तांबड्या केसांचा, थोराड, काणा, वरच्या वाडीतला, अशी त्याची ओळख. 'रॉब रॉय'मधला 'रॉय' म्हणजे 'तांबडा' एवढेच. आडनाव लागे ते राजाच्या, चर्चच्या आणि जमीनदाराच्या वहीत. म्हणून सत्तेने ते जिथे उपटायचे तिथूनच, कागदावरून, उपटले. खोऱ्यातल्या तोंडी व्यवहारात ते राहिले. आजीला नातू कोणाचा हे ठाऊक होते. कागदोपत्री 'पूर्वी मॅकग्रेगर, आता अमुक' अशी दुहेरी नोंद पुनःपुन्हा येते. पुसलेले नाव ज्या वहीत पुसले तिथेच, पुसल्याची खूण म्हणून, टिकून राहिले.

इथे आपल्याकडची एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. १८७१ साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या सुधारित कायद्याने तो देशभर लागू करता येऊ लागला. संपूर्ण जमात जन्मानेच गुन्हेगार ही त्यातील कल्पना १६०३ च्या फर्मानाची सख्खी बहीण शोभावी अशी आहे. फरक इतकाच की, स्कॉटलंडात नाव काढून घेतले, इथे ते रजिस्टरात कोरून ठेवले आणि त्या नावाच्या माणसाला रोज हजेरी द्यायला लावली. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला तरी नावाचा डाग कसा राहतो हे लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ने आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ने मराठी वाचकाला सांगितले आहे. मॅकग्रेगर हे नाव पुढे मिरवण्याजोगे झाले. पारध्यांना किंवा कैकाड्यांना ती सोय कोणी करून दिली नाही. हा भेद विसरून दोन्ही दुःखे एका मापाने मोजू नयेत.

१६४४-४५ च्या यादवीत मॅकग्रेगर राजाच्या बाजूने माँट्रोजखाली लढले. त्याची जाणीव ठेवून दुसऱ्या चार्ल्सने १६६१ मध्ये बंदी उठवली. १६९३ मध्ये, विल्यमच्या कारकीर्दीत, ती पुन्हा आली. म्हणजे मधल्या बत्तीस वर्षांत जन्मलेली एक पिढी मॅकग्रेगर म्हणून वाढली आणि ऐन उमेदीत निनावी झाली. १६७१ साली ग्लेनगाइल येथे जन्मलेला रॉब रॉय याच पिढीतला. बंदी परतल्यावर तो कागदांवर 'कॅम्बेल' अशी सही करू लागला. आई कॅम्बेलांकडची असल्याने ते नाव त्याला निदान उसने तरी नव्हते. तो गुरांचा व्यापारी होता, कर्जात बुडाला, माँट्रोजच्या ड्यूकने त्याला देशोधडीला लावले आणि मग तो ड्यूकच्याच गुरांवर व खंडावर उपजीविका करू लागला. १७३४ साली तो अंथरुणात, शांतपणे, वारला. वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीने पुढे त्याला अमर केले. ह. ना. आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची चर्चा करताना आपल्याकडे स्कॉटचे नाव हटकून येते, तोच हा स्कॉट.

रॉब रॉयचा मुलगा जेम्स मोर हा 'ड्रमंड' या नावाने वावरला. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने १८९३ मध्ये 'कॅट्रिओना' ही कादंबरी प्रसिद्ध केली तेव्हा जेम्स मोरच्या मुलीचे, म्हणजे नायिकेचे, नाव त्याने कॅट्रिओना ड्रमंड असे ठेवले. नायक तिला भेटतो तेव्हा ती आपले नाव सांगू शकत नाही, ही त्या कथेतील एक कळ. स्टीव्हन्सनला स्वतःलाही आपण मुळात मॅकग्रेगर असावे असे वाटे. त्याला आधार फारसा नव्हता. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॅकग्रेगर असणे ही हौसेची बाब झाली होती, एवढे त्यातून दिसते.

१७७४ मध्ये पार्लमेंटने बंदी कायमची रद्द केली. पण दीडशे वर्षांत नाव फुटून दूरवर विखुरले होते, आणि काही फांद्या परतल्याच नाहीत. अॅबरडीनशायरमधील ग्रेगरी घराणे आपले मूळ मॅकग्रेगरांतच सांगत असे. या घरातील जेम्स ग्रेगरीने १६६३ मध्ये परावर्ती दुर्बिणीची रचना मांडली. त्याच्या नावाने ओळखली जाणारी एक अनंत श्रेणी केरळातील संगमग्रामच्या माधवाला त्याच्या कितीतरी आधी ज्ञात होती, म्हणून आज ती माधवाच्या नावासह सांगतात. नाव कोणाचे लागावे हा वाद गणितातही सुटत नाही! याच ग्रेगरींकडे रॉब रॉय एकदा पाहुणा म्हणून उतरला आणि मुलाला पुस्तकांतून सोडवून डोंगरात नेऊन मर्द बनवण्याची त्याने तयारी दाखवली, अशी गोष्ट स्कॉटने सांगितली आहे. प्राध्यापक बापाची त्या वेळी झालेली अवस्था आम्ही समजू शकतो.

ग्रेग घराण्यातील अलेक्झांडर ग्रेग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्वेतील बर्गन येथे गेला आणि सुक्या मासळीच्या व शेवंडांच्या व्यापारात स्थिरावला. नॉर्वेचा नागरिक होताना त्याने नावातील दोन अक्षरांची अदलाबदल केली. संगीतकार एडवर्ड ग्रीग हा त्याचा पणतू. ग्रीगांचा मॅकग्रेगरांशी रक्ताचा संबंध सांगितला जातो तो परंपरेने. नावाचा संबंध मात्र निर्विवाद, कारण दोन्हींच्या मुळाशी तोच जागरूक ग्रेगरी आहे.

अल्स्टरमार्गे अमेरिकेला गेलेल्यांत रेव्हरंड जेम्स मॅकग्रेगर होता. १७१८ मध्ये उत्तर आयर्लंडातील आपल्या मंडळींना घेऊन तो निघाला आणि पुढच्या वर्षी न्यू हॅम्पशायरमध्ये त्यांनी वस्ती केली. तिला लंडनडेरी हे मागे सोडलेल्या मुलखातले नाव मिळाले. याच नावाचा दुसरा एक धर्मोपदेशक, जेम्स ड्रमंड मॅकग्रेगर, १७८६ मध्ये नोव्हा स्कोशियातील पिक्टू येथे पोचला. त्याच्या नावाच्या मधले 'ड्रमंड' हे बंदीच्या दिवसांतील पांघरूण. नाव परत मिळाल्यावरही ते त्याने फेकून दिले नाही. हा गेलिक कवीही होता. पण आम्हाला त्याचा आदर वाटतो तो वेगळ्या कारणाने. १७८८ मध्ये, आपल्याच पंथातील एक धर्मोपदेशक गुलाम बाळगतो हे पाहून, त्याने त्याच्याविरुद्ध जाहीर पत्र छापले आणि स्वतःच्या तुटपुंज्या पगारातून एका गुलाम मुलीच्या सुटकेची रक्कम भरली.

ज्यांच्या बापजाद्यांचे नाव काढून घेतले गेले ते सगळेच इतके सहृदय निघाले नाहीत. १७८६ सालीच जन्मलेला ग्रेगर मॅकग्रेगर हा ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरील कप्तानाचा मुलगा. तो व्हेनेझुएलात बोलिव्हारच्या बाजूने लढला, जनरल झाला. पुढे मध्य अमेरिकेच्या मॉस्किटो किनाऱ्यावरील ओसाड टापूला त्याने 'पोयाइस' असे नाव दिले आणि स्वतःला त्याचा अधिपती घोषित केले. १८२२ मध्ये लंडनच्या बाजारात या देशाच्या नावाने दोन लाख पौंडांचे कर्जरोखे निघाले. सुमारे अडीचशे माणसे, बहुतांश त्याचेच स्कॉटिश देशबांधव, दोन जहाजांतून तिथे गेली. त्यांना शहर सापडले नाही, जंगल सापडले; निम्म्याहून अधिक तापाने आणि उपासमारीने मेली. राज्यसत्ता नाव पुसू शकते हे आजोबांनी पाहिले होते. नातवाने नुसत्या नावातून राज्य उभे करून दाखवले. १८४५ मध्ये तो काराकासला सन्मानाने वारला.

आता तापीकडे. बंदीच्या काळात 'मरे' झालेल्या एका शाखेतील जॉन मरे हा कंपनीच्या बंगालमधील फौजेत अधिकारी होता. हिंदुस्थानात त्याने पैसा केला. १७७४ नंतर ८२६ मॅकग्रेगरांनी सह्या करून त्याला कुळाचा प्रमुख मानले. ग्लेनगाइलच्या शाखेला ते पटले नाही. प्रमुखपद रक्ताने येते की पैशाने, असा तो तंटा होता. त्याचा मुलगा इव्हान हाही फौजेत शिरला आणि तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात जनरल सर टॉमस हिस्लॉपच्या सैन्यासोबत खानदेशात आला. महिदपूरच्या लढाईनंतर जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरला तह झाला आणि त्याअन्वये होळकरांचा खानदेशातील मुलूख इंग्रजांकडे जायचा होता. त्यात थाळनेर होते. आज धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यातील हे गाव. फारुकी सुलतानांची पहिली राजधानी, तापीच्या उत्तर तीरावरचे.

२७ फेब्रुवारी १८१८ रोजी हिस्लॉप थाळनेरसमोर आला. किल्लेदार तुळशीराम मामा. तोफांनी बाहेरचे दरवाजे मोकळे झाले आणि आतल्या दरवाजाशी बोलणी सुरू झाली. अरब शिबंदीला आपल्या जिवाची हमी हवी होती. गोंधळात, परस्परांची भाषा न कळता, दिंडीतून कर्नल मॅकग्रेगर मरे आणि काही अधिकारी आत शिरले. मग आत चकमक उडाली. जागा इतकी अरुंद की कर्नलला तलवार उपसता येईना. त्याला कट्यारीचे अनेक घाव बसले आणि बाहेरच्यांनी कसेबसे दिंडीतून ओढून काढले. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर हे रॉयल स्कॉट्स पलटणीचे अधिकारी ठार झाले. त्यानंतर फौज आत घुसली आणि सुमारे तीनशेंच्या शिबंदीपैकी जवळजवळ कोणीही जिवंत राहिले नाही. किल्लेदाराला त्याच दिवशी तटावर फाशी दिले. या फाशीवर खुद्द ब्रिटिश पार्लमेंटात टीका झाली आणि युद्धातील सेनानींचे आभार मानताना हिस्लॉपपाशी सदस्य अडखळले.

स्कॉटची 'रॉब रॉय' कादंबरी एडिंबऱ्यात प्रसिद्ध होऊन तेव्हा पुरते दोन महिनेही झाले नव्हते. तिकडे मॅकग्रेगर हे अन्यायाने पोळलेल्या डोंगरी शौर्याचे नाव म्हणून घरोघर वाचले जात होते. इकडे त्याच नावाचे लोक दुसऱ्याच्या किल्ल्याच्या दिंडीत उभे होते. शरण येणाऱ्याला दिलेल्या वचनाचा अर्थ काय, हा अॅलस्टरच्या वेळचा प्रश्न थाळनेरलाही होता. फक्त या वेळी मॅकग्रेगर आर्गाइलच्या बाजूला होते. साम्राज्याच्या चाकरीत गेलेल्या अनेक डोंगरी स्कॉटिश घराण्यांची हीच कथा आहे आणि तिचे नुसते कौतुक आम्हाला करवत नाही. जखमी होऊन वाचलेल्या माणसाच्या नावात तेव्हाही 'मरे' होते, हेही ध्यानात घ्यावे. १८२२ मध्ये राजाच्या परवानगीने या घराण्याने मॅकग्रेगर नाव रीतसर परत घेतले. त्याच वर्षी चौथा जॉर्ज एडिंबऱ्याला आला तेव्हा स्कॉटलंडच्या राजमुकुटाच्या पहाऱ्याचा मान सर इव्हानच्या मॅकग्रेगरांना मिळाला. ज्या राजसत्तेने नाव गुन्हा ठरवले तिच्याच मुकुटापाशी चौखान्यांची वस्त्रे नेसून ते उभे राहिले. पुढे सर इव्हान कॅरिबियनमधील बेटांचा गव्हर्नर झाला. १ ऑगस्ट १८३८ रोजी बार्बाडोसमधील पूर्वीच्या गुलामांची सक्तीची उमेदवारी संपली तेव्हा तिथला गव्हर्नर तोच होता. १८४१ मध्ये तो तिथेच वारला.

त्यानंतरचा प्रवास सर्वपरिचित आहे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा. बिअॅट्रिक्स पॉटरच्या १९०२ मधील गोष्टीत पीटर सशाला बागेतून पिटाळणारा म्हातारा माळी. सिनेमाच्या पडद्यावरील आणि मुष्टियुद्धाच्या रिंगणातील प्रसिद्ध माणसे. नाव आता इतके सर्वत्र आहे की त्यावर कधी बंदी होती हे सांगितले तर ऐकणाऱ्याला ती थाप वाटते.

अलीकडे बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राच्या चाचण्यांनी या इतिहासात नवी भर घातली आहे. कुळाच्या मूळ पुरुषाशी जोडलेली खूण आज मॅकग्रेगर म्हणवणाऱ्या पुष्कळांत आढळते आणि पुष्कळांत आढळत नाही. कारण प्रमुखाच्या आश्रयाला आलेले, त्याचे नाव घेतलेले लोक कुळात पूर्वीपासूनच होते. उलट पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच आडनावाने नांदलेल्या काही घरांत ती खूण निघते. १८२२ मध्येच स्थापन झालेल्या क्लॅन ग्रेगर सोसायटीने मात्र रक्ताची चाचणी ही अट कधी ठेवली नाही. मॅकग्रेगर नाव असलेले तिचे सभासद होतातच, शिवाय बंदीच्या काळात घेतली गेलेली नावे असणारेही होऊ शकतात. त्यासाठी सोसायटी अशा नावांची यादी बाळगते. ती यादी चाळली तर तिच्यात मरे, ग्रँट, ड्रमंड, ब्लॅक, व्हाइट, कॉमरी अशी १६०३ च्या फर्मानाने निर्माण केलेली नावे एकाखाली एक सापडतात.